वाचकांचे प्रश्न : डब्यातील चार ग्रॅमची तूट आणि संख्याशास्त्र

संभाव्यता आणि परिकल्पना-चाचणी (एखादे गृहीत आकड्यांवरून तपासून पाहणे) या विषयांवर आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे या वेळी उत्तरासाठी घेतली आहेत. चारही बेळगाव जिल्ह्यातील आहेत. आपल्या भागात दहावीपर्यंत मराठीतून शिकलेली मुले पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, एकदम इंग्रजीत जातात आणि प्रश्नाचा अर्थ मनात उतरण्याआधीच सूत्र पाठ होते, असे मी अनेक वर्षे वर्गात पाहिले आहे. त्यामुळे या उत्तरांत सूत्रांपेक्षा प्रश्न नेमका काय विचारतो याकडे अधिक लक्ष दिले आहे. पत्रे संक्षिप्त केली आहेत, आकडे मात्र लेखकांचेच ठेवले आहेत.

प्रश्न : मी खानापूर तालुक्यातील विद्यार्थिनी असून पीयूसीच्या दुसऱ्या वर्षात संख्याशास्त्र शिकते. पुस्तकातील विजेच्या दिव्यांच्या उदाहरणात मी आमच्याकडची कौले घालून पाहिली. १२ कौलांपैकी ३ तडकलेली आहेत आणि न पाहता दोन उचलली, तर किमान एक तडकलेले निघण्याची संभाव्यता किती? ‘किंवा’ आले की बेरीज करायची, असे आम्हाला शिकवले आहे. म्हणून मी ३/१२ आणि ३/१२ यांची बेरीज करून १/२ हे उत्तर काढले. पुस्तकाच्या रीतीने मात्र ५/११ येते. माझे कोठे चुकले?

उत्तर : तुझी चूक तुला वाटते त्याहून लहान आहे, आणि एका जागी तू इतरांहून बरोबर आहेस. पुष्कळ विद्यार्थी दुसऱ्या कौलासाठी ३/१२ न लिहिता ३/११ किंवा २/११ लिहितात. पहिले कौल कसे निघाले हे ठाऊक असेल तेव्हाच ते आकडे चालतात. पहिल्याबद्दल काहीच सांगितलेले नसेल, तर दुसरे कौल हेही बारांतील कोणतेही एक असू शकते आणि त्याची संभाव्यता ३/१२ हीच राहते.

चूक ‘किंवा’ या शब्दात आहे. पाहुण्याला आपण ‘चहा घेणार किंवा कॉफी?’ असे विचारतो, तेव्हा दोन्ही आणून द्यावे असे कोणालाही अभिप्रेत नसते. संभाव्यतेतील ‘किंवा’ तसा नाही, त्यात ‘दोन्ही’ हीही शक्यता धरलेली असते. पहिले तडकलेले असण्याच्या हिशेबात आणि दुसरे तडकलेले असण्याच्या हिशेबात, अशा दोन्ही ठिकाणी ‘दोन्ही तडकलेली’ ही जोडी येऊन बसते. बेरीज केलीस तेव्हा ती दोनदा मोजली गेली, म्हणून ती एकदा वजा केली पाहिजे. दोन्ही तडकलेली निघण्याची संभाव्यता ३/१२ गुणिले २/११, म्हणजे १/२२ आहे. १/२ मधून १/२२ वजा केले की १०/२२ उरतात, आणि तेच ५/११.

‘किमान एक’ असे शब्द दिसले की उलट बाजूने जाणे सोपे पडते. एकही तडकलेले न निघण्याची संभाव्यता ९/१२ गुणिले ८/११, म्हणजे ६/११ येते. ती १ मधून वजा कर, उत्तर तेच मिळेल. आपली रीत फसते आहे का हे पाहायचे असेल तर आकडे मोठे करून पाहावेत. दोनऐवजी पाच कौले उचलली असती, तर तुझ्या बेरजेने १५/१२ हे उत्तर आले असते, आणि एकापेक्षा मोठी संभाव्यता नसतेच.

प्रश्न : आमच्या गल्लीच्या क्रिकेट संघाचा मी कर्णधार आहे. या हंगामात मी सलग सात नाणेफेकी हरलो. पुस्तकी हिशेबाने याची संभाव्यता १/१२८, म्हणजे एक टक्क्याहूनही कमी आहे. मग नाण्यात खोट आहे असे समजावे का?

उत्तर : हिशेब बरोबर आहे, निष्कर्ष मात्र नाण्यापर्यंत पोहोचत नाही. नाणेफेक हरणे हे नाण्याच्या पडण्यावर जितके अवलंबून असते तितकेच तुम्ही काय पुकारता यावरही असते. कधी छाप आणि कधी काटा पुकारून तुम्ही हरला असाल, तर एकाच बाजूकडे झुकणाऱ्या नाण्याने तो प्रकार समजावता येत नाही. नाण्याबद्दल शंका असेल तर तेच नाणे घेऊन शंभर वेळा उडवावे आणि छापांची संख्या मोजावी. ती शंका ज्या सात निकालांवरून आली, ते सात निकाल या मोजणीत धरू नयेत.

दुसरी गोष्ट अशी, की जिल्ह्यात असे कितीतरी संघ खेळत असतात आणि पत्र लिहिण्याची वेळ फक्त सातही हरणाऱ्यावर येते. वेगवेगळ्या सामन्यांत प्रत्येकी सात नाणेफेकींना उभे राहणारे शंभर कर्णधार घ्या आणि प्रत्येक निकाल इतरांपासून स्वतंत्र धरा. त्यांच्यापैकी निदान एकाने सातही हरण्याची संभाव्यता सुमारे ५४ टक्के येते. या वर्षी तो एक म्हणजे तुम्ही, इतकेच.

प्रश्न : बेळगावातील शहापूर भागात आमचा कुंद्याचा, म्हणजे दुधाच्या मिठाईचा, व्यवसाय आहे. ५०० ग्रॅमचे डबे हाताने भरले जातात. ‘डबा कमी भरतो’ अशी एका गिऱ्हाइकाची तक्रार आली, म्हणून आम्ही तयार मालातून १६ डबे काढून निव्वळ वजन केले. सरासरी ४९६ ग्रॅम आणि प्रमाण विचलन (वजने सरासरीभोवती किती पसरली आहेत त्याचे माप) ८ ग्रॅम आले. अभियांत्रिकी शिकणारा मुलगा म्हणतो, भरण्यात दोष सिद्ध झाला. बी. कॉम. झालेली पुतणी म्हणते, सिद्ध झाला नाही. शिक्षक असलेले जावई म्हणतात, सिद्ध झाला, पण मुलाची रीत चूक आहे. आकडे एकच असताना घरात तीन निकाल कसे?

उत्तर : आपले पत्र मी दोनदा वाचले. परीक्षेसाठी मुद्दाम रचूनही इतके नेमके उदाहरण मिळाले नसते.

तिघांची सुरुवात एकच आहे. शून्य परिकल्पना, म्हणजे तपासायचे गृहीत, अशी, की भरणे ठीक चालले आहे आणि सर्व डब्यांची खरी सरासरी ५०० ग्रॅम आहे. १६ डब्यांच्या सरासरीत नुसत्या योगायोगाने किती चढउतार व्हावा, हे प्रमाण त्रुटी सांगते. ८ ला १६ च्या वर्गमुळाने, म्हणजे ४ ने भागले की ती २ ग्रॅम येते. आपली सरासरी ५०० पेक्षा ४ ग्रॅमने, म्हणजे दोन प्रमाण त्रुटींनी खाली आहे. उणे २ या आकड्यावर तिघांचेही एकमत असणार. भांडण आहे ते उणे २ ही तूट मोठी म्हणायची की नाही, यावर.

आपल्या चिरंजीवांनी प्रसामान्य (घंटेच्या आकाराच्या) वितरणाचे कोष्टक उघडले आणि पाच टक्के सार्थकता पातळीला, म्हणजे भरणे ठीक असतानाही चुकून दोष ठरवण्याची पाच टक्के मुभा ठेवून, दोन टोकांचे (जास्त आणि कमी अशा दोन्ही बाजू पाहणारे) सीमामूल्य १.९६ घेतले. २ त्याच्या पुढे जाते, म्हणून त्यांनी परिकल्पना नाकारली. परंतु ते कोष्टक प्रमाण विचलन आधीपासून पक्के ठाऊक असताना वापरायचे असते. येथे ८ हा आकडा त्याच १६ डब्यांवरून काढलेला आहे, म्हणजे तोही थोडा डळमळीत आहे. ही अडचण ज्याने सोडवली तो विल्यम गॉसेट डब्लिनच्या गिनेस या बिअरच्या कारखान्यात कामाला होता. शेकडो नमुने तपासण्याची चैन त्याला परवडत नव्हती, हाताशी असत ते मोजके नमुने. १९०८ मध्ये त्याने ‘स्टुडंट’ या टोपणनावाने आपला लेख प्रसिद्ध केला, आणि त्यातूनच पुढे टी-वितरण प्रचारात आले. कारखान्यातील रोजच्या गरजेतून निघालेले हे गणित आपल्या कारखान्याला लागू पडावे, यात नवल नाही.

आपल्या पुतणीने टी-कोष्टक घेतले. १६ डब्यांसाठी स्वातंत्र्य मात्रा (डब्यांच्या संख्येहून एक कमी, कोष्टकातील ओळ यावरून ठरते) १५, आणि पाच टक्क्यांना दोन टोकांचे सीमामूल्य २.१३१. २ त्याच्या आत राहते, म्हणून तिने नाकारले नाही. जावयांनीही टी-कोष्टकच घेतले, पण एका टोकाचे (फक्त कमी भरण्याची बाजू पाहणारे) सीमामूल्य १.७५३ धरले आणि नाकारले. पी-मूल्यात, म्हणजे परिकल्पना खरी असताना इतकी किंवा याहून मोठी तफावत दिसण्याच्या संभाव्यतेत, बोलायचे तर पुतणीचे सुमारे ०.०६४ आणि जावयांचे त्याच्या निम्मे, ०.०३२.

या दोघांमधील निवाडा कोष्टक करू शकत नाही, तो आपल्या प्रश्नावरून करावा लागतो. तक्रार ‘कमी भरते’ अशी होती आणि ती वजन करण्यापूर्वी आली होती. म्हणजे कोणत्या बाजूची तूट शोधायची हे आकडे पाहण्याआधीच ठरलेले होते, म्हणून येथे एका टोकाची चाचणी योग्य आहे. मी जावयांच्या बाजूने आहे. मात्र दोन अटी आहेत. ज्या डब्यावरून तक्रार आली तो डबा या सोळांत नसावा, कारण ज्याने शंका निर्माण केली त्यालाच साक्षीला उभे करता येत नाही. आणि सरासरी कमी दिसल्यावर ‘मग एकाच टोकाची चाचणी घेऊ’ असे ठरवले असेल, तर जावयांचा निकाल बाद होतो व पुतणीचा उरतो. हे आपल्या घरातीलच माणसे सांगू शकतील. माल जाईल याची जशी चिंता तशीच गिऱ्हाईक जाईल याचीही, म्हणून महिन्याच्या नेहमीच्या तपासणीत जास्त भरणे आणि कमी भरणे ही दोन्ही पाहायची असतील, तर तेथे दोन टोकांचीच चाचणी घ्यावी.

आणखी एक विचारून ठेवतो. सोळा डबे एकाच सकाळी, एकाच कामगाराने भरलेल्या घाण्यातील होते का? तसे असेल तर ते सोळा स्वतंत्र साक्षीदार नव्हेत, एकाच माणसाच्या हाताची सोळा वेळा घेतलेली नोंद आहे. वेगवेगळ्या दिवसांचा, वेगवेगळ्या हातांचा माल चिठ्ठ्या टाकून निवडला असता, तर मला या आकड्यांवर अधिक विश्वास वाटला असता.

जावयांचा निकाल मान्य केला, तरी तो पाच टक्के पातळीचा आहे हे विसरू नये. एक टक्का पातळीला एका टोकाचे सीमामूल्य २.६०२ आहे आणि तेथे परिकल्पना नाकारता येत नाही. म्हणूनच नुसत्या हो-नाहीपेक्षा अंतराल देणे मला नेहमी बरे वाटते. ९५ टक्के विश्वासाचे अंतराल ४९६ अधिक-उणे ४.२६, म्हणजे सुमारे ४९१.७ ते ५००.३ ग्रॅम येते. खरी सरासरी ४९२ असू शकते तशी ५०० ही असू शकते, इतकेच हे सोळा डबे सांगतात. त्यांच्याकडून याहून जास्त वदवून घ्यायचे असेल तर डब्यांची संख्या वाढवावी लागेल. प्रमाण त्रुटी निम्मी करायला डबे चौपट, म्हणजे ६४ लागतात.

मात्र व्यवसायाच्या दृष्टीने मला सरासरीपेक्षा त्या ८ ग्रॅमच्या प्रमाण विचलनाचीच काळजी वाटते, आणि तिघांपैकी कोणीही त्याचा उल्लेख केलेला नाही. समजा, सरासरी अगदी ५०० वर आणली आणि वजने प्रसामान्य वितरणाने पसरलेली धरली, तरी निम्मे डबे ५०० च्या खालीच राहतील. भरण्याची पद्धत हीच ठेवून शंभरांतील ९७-९८ डबे ५०० किंवा त्याहून अधिक भरायचे असतील, तर सरासरी ५१६ ग्रॅमपर्यंत न्यावी लागेल. म्हणजे दर डब्यामागे १६ ग्रॅम कुंदा फुकट. विचलन ८ वरून ३ ग्रॅमवर आणले, तर हेच काम ५०६ ग्रॅमच्या सरासरीवर भागते. २००९ च्या वैध मापन कायद्याखालील वेष्टित मालाचे नियम सरासरीबरोबर एकेका डब्यातील तूटही पाहतात, म्हणून प्रत्येक डबा काट्यावर ठेवून भरण्याची सवय लावणे हाच स्वस्त मार्ग आहे.

प्रश्न : मी निपाणी परिसरातील महाविद्यालयात शिकवतो. ‘पी-मूल्य ०.०३ आले, म्हणजे शून्य परिकल्पना खरी असण्याची शक्यता ३ टक्के’ असे मी फळ्यावर लिहिले. एका विद्यार्थ्याने विचारले, ‘सर, मग ती खोटी असल्याची ९७ टक्के खात्री आहे का?’ मला होकार देववेना आणि नकाराचे कारणही सांगता येईना. कृपया मार्गदर्शन करावे. शिवाय ‘परिकल्पना स्वीकारली’ असे उत्तरपत्रिकेत लिहू द्यावे का, हेही कळवावे.

उत्तर : होकार देववला नाही, हे चांगलेच झाले. ही चूक छापील पुस्तकांतही आढळते, म्हणून संकोच वाटू देऊ नये.

वर्गात असा प्रश्न विचारून पाहावा. बेळगाव जिल्ह्यातील मराठी मातृभाषेच्या लोकांपैकी किती जणांना कन्नड समजते? आणि जिल्ह्यात ज्यांना कन्नड समजते त्यांच्यापैकी किती जणांची मातृभाषा मराठी आहे? कोणताही आकडा हाताशी नसताना तुमचे विद्यार्थी सांगतील, की पहिल्याचे उत्तर मोठे आणि दुसऱ्याचे त्याहून बरेच लहान असणार. बाजारात, बसमध्ये, कचेरीत ते हे रोज पाहतात. दोन्ही प्रश्नांत शब्द तेच आहेत, फक्त ‘पैकी’ कोणामागे लावले ते बदलले. पी-मूल्य हे पहिल्या जातीच्या प्रश्नाचे उत्तर आहे : परिकल्पना खरी असती, तर इतकी किंवा याहून मोठी तफावत किती वेळा दिसली असती? तुमच्या विद्यार्थ्याने विचारला तो दुसऱ्या जातीचा : तफावत दिसली आहे, तर परिकल्पना खरी असण्याची शक्यता किती? पहिल्याच्या उत्तरावरून दुसऱ्याचे उत्तर थेट काढता येत नाही.

ते काढण्यासाठी काय लागते, हे आकड्यांत दाखवता येईल. पुढील आकडे कल्पित आहेत. पाकिटांच्या वजनाच्या १००० तपासण्या झाल्या आणि त्यांपैकी १०० ठिकाणीच खरोखर कमी भरले जात होते असे समजा. चाचणी पाच टक्के पातळीची आहे आणि खरा दोष असेल तेथे तो ८० टक्के वेळा पकडते. दोषी १०० पैकी ८० पकडले जातील. निर्दोष ९०० पैकी पाच टक्के, म्हणजे ४५ विनाकारण पकडले जातील. एकूण १२५ ठिकाणी ‘परिकल्पना नाकारली’ असा शेरा पडला आणि त्यांपैकी ४५, म्हणजे ३६ टक्के ठिकाणी परिकल्पना खरी होती. आता तीच चाचणी अशा बाजारात न्या, जेथे १००० पैकी ५०० दोषी आहेत. मग ४०० बरोबर आणि २५ विनाकारण पकडले जातील, आणि चुकीच्या शेऱ्यांचे प्रमाण जेमतेम ६ टक्क्यांवर येईल. चाचणी तीच आणि पातळीही तीच, तरी ३६ चे ६ झाले, कारण दोषींचे मुळातील प्रमाण बदलले. ते प्रमाण पी-मूल्यात कोठेच नसते. मुळातील प्रमाण धरून दुसऱ्या जातीच्या प्रश्नाचे उत्तर काढणाऱ्या बेजच्या सिद्धांताचा धडा आपल्याकडे सशर्त संभाव्यतेच्या प्रकरणात संपतो आणि परिकल्पना-चाचणीचा धडा पुढे कोठेतरी सुरू होतो. हे दोन धडे एकाच आठवड्यात शिकवावेत, असे माझे मत आहे.

‘स्वीकारली’ या शब्दाबद्दल मी कडक आहे. ‘नाकारण्याइतका पुरावा मिळाला नाही’ असे लिहावयास लावावे, वाक्य लांबले तरी चालेल. चारच डबे तोलून तफावत आढळली नाही, तर एवढ्यावरून सरासरी ५०० आहे असे म्हणता येत नाही. शून्य परिकल्पना कधी सिद्ध होत नाही, ती फार तर खोटी ठरवता येते, असे संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी १९३५ मध्ये स्पष्टपणे मांडले आहे. परीक्षकाच्या छापील नमुना उत्तरांत ‘स्वीकारली’ असे दिले असेल तर विद्यार्थ्याचे गुण कापले जाऊ नयेत, म्हणून कंसात तेही लिहू द्यावे. तडजोड आहे, पण मुलांच्या गुणांवर आपला हट्ट चालवू नये.

फिशर यांनी तेव्हाच वर्णन केलेला चहाचा प्रयोग आपल्या वर्गात भातावर करता येईल. त्यात एका बाईंचा दावा होता, की कपात आधी दूध घातले की आधी चहा, हे आपण चवीवरून ओळखतो. तुमच्या वर्गात बेळगाव बासमती आणि इंद्रायणी यांचे भात वासावरून ओळखतो, असे म्हणणारा एखादा शेतकऱ्याचा मुलगा निघेलच. आठ सारख्या वाट्या घ्याव्यात, चारांत एक भात आणि चारांत दुसरा. बासमतीच्या चार कोणत्या, हे त्याने ओळखायचे. आठांतून चार निवडण्याचे प्रकार ७० आहेत, म्हणून नुसत्या अंदाजाने चारही बरोबर येण्याची संभाव्यता १/७०, म्हणजे सुमारे ०.०१४. किमान तीन बरोबर येण्याचे प्रकार १६ आणि १, मिळून १७, म्हणजे संभाव्यता १७/७०, जवळजवळ पाव. तेव्हा तीन बरोबर आले तर टाळ्या वाजवाव्यात, पण परिकल्पना नाकारू नये. किती बरोबर आल्यावर दावा मानायचा, हे वाट्या मांडण्यापूर्वी फळ्यावर लिहून घ्यावे. वाट्यांचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवावा, दोन्ही भात सारखेच गरम असावेत, आणि ज्याने वाट्या भरल्या त्याला वर्गाबाहेर उभे करावे, कारण त्याचा चेहरा पाहूनही मुले उत्तर ओळखतात.